चौक आणि त्याखालची माती

न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागातले बहुतेक रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात. ब्रॉडवे मात्र तिरका जातो. 1811 सालच्या आखणीहूनही हा रस्ता जुना, आणि तो एखाद्या ॲव्हेन्यूला कापतो तिथे गोंधळ ठरलेला. टाइम्स स्क्वेअर ही त्यातलीच एक जागा. इथे ब्रॉडवे, सेव्हन्थ ॲव्हेन्यू आणि आडवा रस्ता अशा तीन प्रवाहांना सिग्नलची वेळ वाटून द्यावी लागे. वाटेकरी तीन झाले की प्रत्येकाचा हिरवा दिवा आखूड होतो. शिवाय तिरक्या छेदामुळे चौक ऐसपैस फाकतो. पादचाऱ्याला जास्त अंतर ओलांडावं लागतं आणि वळणाऱ्या गाडीला वेग कमी करायची गरजच पडत नाही. तिथल्या वर्दळीत बहुसंख्य माणसं पायी आणि त्यांच्या वाट्याला जागा मात्र 11 टक्के, अशी स्थिती होती.

मे 2009 मध्ये, जॅनेट सादिक-खान शहराच्या परिवहन आयुक्त असताना, 42व्या ते 47व्या रस्त्यादरम्यानचा ब्रॉडवे गाड्यांना बंद झाला. मोठं बांधकाम काहीच नाही. रस्त्यात पिंपं उभी राहिली आणि बाजारातून आणलेल्या स्वस्तातल्या घडीच्या खुर्च्या डांबरावर मांडल्या गेल्या. लोक लगेच येऊन बसले. नंतरच्या मोजणीत पादचारी जखमी होण्याचं प्रमाण 35 टक्क्यांनी, तर गाडीतल्या लोकांचं 63 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. मला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. जागा पादचाऱ्यांना दिली आणि गाडीवालेही वाचले, कारण तिसरा प्रवाह गेल्यामुळे गाड्या एकमेकींसमोर येण्याचे प्रसंगच कमी झाले. चालक तेच होते, चौकाची भूमिती बदलली.

उन्हाचं काय, हा प्रश्न मात्र उरला. नवं डांबर अंगावर पडलेल्या उन्हातलं नव्वद टक्क्यांहून अधिक शोषून घेतं. कडक उन्हाळ्यात दुपारी त्याचा पृष्ठभाग 60 अंशांपर्यंत तापू शकतो. 2010 साली टाइम्स स्क्वेअरच्या जमिनीवर फिकट रंगांचं प्रचंड चित्र काढलं गेलं. त्याचा आधार होता नासाने टिपलेली मॅनहॅटनची उष्णता. फिकट पृष्ठभाग कमी तापतो हे खरं, पण परतवलेलं ऊन जातं कुठे? काही आकाशात, आणि काही तिथे उभ्या माणसाच्या अंगावर! पुढे ‘स्नोहेट्टा’ या वास्तुसंस्थेच्या आराखड्याप्रमाणे तिथे काँक्रीटच्या फरशा आणि ग्रॅनाइटची लांबलचक बाकं आली. दाट सावलीची झाडं आली नाहीत. खाली भुयारी रेल्वे असलेल्या जागेत मोठ्या झाडाच्या मुळांना पुरेल इतकी माती मिळणं अवघड असतं.

गारवा मोजताना आपण हवेच्या तापमानाकडे बघतो. शरीराला मात्र वरून येणारं ऊन आणि तापलेल्या जमिनी-भिंतींमधून येणारी उष्णता यांचा चटका तितकाच, कित्येकदा जास्त बसतो. झाडाखाली हवा एखाद-दोन अंशांनीच थंड असली, तरी जिवाला बरं वाटतं ते त्यामुळे. त्यात पानांतून पाणी बाहेर पडतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण 0.67 युनिट विजेइतकी उष्णता खर्ची पडते. भरपूर पाणी मिळालेलं मोठं झाड दिवसाला शंभर लिटरहून अधिक पाणी सोडू शकतं.

पॅरिसने हे ओळखलं. मोंपार्नास स्टेशनजवळचा प्लास द कातालोन्य हा गाड्यांचा भलामोठा गोल चौक. मध्ये कारंजं, भोवती डांबर. तिथे जून 2024 मध्ये सुमारे 470 झाडांचं शहरी जंगल उभं राहिलं. ही झाडं कुंडीत ठेवलेली नाहीत, जमिनीत लावलेली आहेत. पावसाचं पाणी गटारात न जाता मुळांपाशी मुरतं, आणि उन्हाळ्यात तेच पानांतून बाहेर येतं.

आपल्याकडे चौकाचं सुशोभीकरण म्हटलं की कारंजं, रेलिंग, ग्रॅनाइट आणि रात्रीची रोषणाई येते. असलेल्या झाडाच्या बुंध्याशी पेव्हर ब्लॉक इतके घट्ट बसवले जातात की पाणी आत जाणार कुठून? हे पाहून जीव तुटतो. वाहतुकीतून सोडवलेली जागा फरसबंद करण्याआधी चार ठिकाणी खड्डे घेऊन जलवाहिन्या, ड्रेनेज आणि केबल कुठून जातात ते पाहायला हवं. मग वड-पिंपळाला जागा कुठे आहे, बहावा कुठे तगेल आणि कुठे मांडवच घालावा लागेल, हे आराखड्यातच ठरवता येतं.