हौदा पिस्तूल आणि खानदेशचे वाघ

दोन नळ्या, दोन घोडे आणि करंगळी सहज आत जाईल एवढे तोंड. जुन्या हत्यारांच्या संग्राहकांत हौदा पिस्तुलाला मान आहे, पण ते बनले ते निव्वळ भीतीपोटी. जखमी वाघ हत्तीच्या मस्तकावर झेपावला की हौद्यातल्या साहेबाला लांब बंदूक फिरवायला जागा उरत नसे. मग हाताच्या अंतरावरून दोन बार. नेम धरायचा प्रश्नच नव्हता, गोळी जड हवी एवढेच. एक पौंड शिशाच्या सारख्या 16 गोळ्या पाडल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसते ती 16 बोअरची. म्हणजे गोळी सुमारे 28 ग्रॅम आणि नळी जवळपास 17 मिलिमीटर.

खानदेशात वाघ माजले त्याला कारण होते. 1802 मधली होळकरांच्या फौजेची लूट आणि पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ यांत गावेच्या गावे ओस पडली, शेतांत झाडी माजली. 1818 मध्ये मुलूख कंपनीकडे गेला. 1825 मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमच्या नावावर पुढच्या दहा वर्षांत 191 वाघ सांगितले जातात. मात्र त्याची ख्याती हौद्यातल्या शिकारीची नाही. तो पायी आणि घोड्यावरून वाघ मारी, आणि माग काढायचे खरे कसब होते भिल्लांचे. शिकारीच्या आठवणींत त्यांची नावे क्वचितच येतात, हे खटकते.

सुरुवातीची पिस्तुले रायफल कापूनच केलेली असत. म्हणून ‘कापलेली’ म्हणजे खोटी असे लगेच म्हणता येत नाही. पण नकली पिस्तुलासाठी कापलेल्या शॉटगनची खूण तोंडाशी सापडते: तिच्या नळ्या पुढे निमुळत्या होत एकमेकींना भिडतात, त्यामुळे मध्येच कापल्या की दोघींत फट राहते. फट बुजवलेली दिसली तर जरा थांबावे. नळी बार सोसते की नाही या लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीचे शिक्के नळीच्या मागच्या टोकाला असतात. कापाकापीत ते शाबूत राहतात, त्यामुळे नुसत्या शिक्क्यांवर भरवसा नको. इटलीत आजही ठासणीच्या नव्या प्रतिकृती बनतात, हेही ध्यानात असावे.

1880 च्या दशकात इंग्रज बंदूककार लँकेस्टरची चारनळी आणि वेब्लीची रिव्हॉल्व्हरे आली आणि दुनळी मागे पडली. भारतात चालू स्थितीतल्या हत्याराला, कितीही जुने असले तरी, परवाना लागतो. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुराण्या हत्यारापुरती 1959 च्या शस्त्र कायद्यात सूट आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी न्यायला 1972 चा पुरावस्तू कायदा आडवा येतो.

आणि कुणी ‘हे औट्रमसाहेबाचे’ म्हणून पिस्तूल पुढे केले तर आधी ते उघडून पाहावे. औट्रम 1835 मध्ये खानदेशातून गेला, 1863 मध्ये वारला. मागून भरायचे स्नायडर रायफलचे .577 काडतूस ब्रिटिश लष्करात आले 1866 मध्ये. पिस्तुलात ते बसत असेल, तर ते औट्रमचे नव्हे.