जुना लाकडी रंधा: ओळख, दुरुस्ती आणि आमच्याकडे आणण्याआधी

वाडा उतरवताना, माळा आवरताना किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात फिरताना एखादा काळपट पडलेला लाकडी रंधा हाती लागतो आणि तो घासूनपुसून लख्ख करायची घाई होते. असे रंधे दुरुस्त करणारे म्हणून आमची कळकळीची विनंती आहे की पॉलिश पेपर तूर्त बाजूला ठेवा. रंध्याची ओळख पटवणाऱ्या बहुतेक खुणा त्याच्या पुढच्या टोकावर, लाकडाच्या आडव्या छेदावर ठोकलेल्या असतात. त्या उथळ असतात, दोन मिनिटं घासल्या की गेल्याच.

हे टोक अंधाऱ्या खोलीत बॅटरी बाजूने तिरकी धरून बघा. ओळीत नीट बसलेला, ठळक ठसा बहुधा बनवणाऱ्याचा. थोडे वाकडे, एकच अक्षरं दोन-तीनदा ठोकलेले ठसे मालकांचे. रंधा एका सुताराकडून दुसऱ्याकडे गेला की नवा मालक आपलं नाव ठोकायचा, म्हणून काही रंध्यांवर तीन-तीन नावं सापडतात. इंग्रजी अमदानीत विलायतेहून आलेले रंधे बहुधा बीच लाकडाचे असतात. हे लाकूड मुळात फिकट तपकिरी, आणि त्याच्या उभ्या बाजूंवर बारीक चमकदार ठिपके-रेघा दिसतात. त्यांवर ग्लासगोच्या मॅथीसनसारखं नाव असू शकतं, तर पात्यावर शेफील्डच्या विल्यम मार्पल्स किंवा वॉर्ड अँड पेनचं. दोन नावं वेगळी दिसली म्हणून रंधा बनावट समजू नका. ठोकळा करणारे एक आणि पातं करणारे दुसरे, हीच तिकडची रीत होती. शिवाय पातं झिजलं की बदललं जायचं.

लांबीवरूनही बरंच कळतं. आठ-नऊ इंचांचा, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता असेल तर तो शेवटचा हात फिरवून सफाई आणायचा. चौदा ते सतरा इंचांचा रोजच्या कामाचा जॅक. बावीस इंच आणि त्याहून लांब रंधे फळ्यांच्या कडा सरळ करून सांधा जुळवायचे. नक्षीपट्ट्या काढायचे अरुंद विलायती रंधे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून साधारण साडेनऊ इंचांवर स्थिरावले. तुमचा दहा इंचांच्या वर असेल आणि कडा रुंद, सपाट तासलेल्या असतील, तर तो त्याआधीचा असण्याची शक्यता आहे. असा रंधा पुसूसुद्धा नका, तसाच दाखवा.

आपल्याकडच्या सुतारांनी स्वतः घडवलेले रंधे शिसव, बाभूळ अशा चिवट लाकडाचे. त्यांवर नाव नसतं, पण हाताची बोटं जिथे टेकतात तिथे लाकूड झिजून खळगे पडलेले असतात. पातं गावच्या लोहाराचं. काहींच्या पाठीवर कानशीचे दात अजून दिसतात, कारण जुनी कानस घासूनच ते केलेलं असतं. बाजारात यांना विलायती रंध्याइतका भाव मिळत नाही. आमच्या मते कामाला ते तसूभरही कमी नाहीत, आणि दुरुस्तीत आम्ही दोघांत फरक करत नाही.

पातं सोडवताना पाचर, म्हणजे पातं जागी घट्ट धरणारी लाकडी खुंटी, डावी-उजवी हलवू नका. तिला धरून ठेवणारे आतले कान त्यामुळेच तुटतात. लांब रंध्याच्या पुढच्या भागावर वरून, आणि छोट्या रंध्याच्या मागच्या टोकावर, लाकडी मोगरीने एक-दोन ठोके दिले की पाचर आपोआप सैल होते. लोखंडी हातोडी वापरू नका, लाकूड चेपून फुलतं.

जुनं विलायती पातं बहुधा एकसंध पोलादाचं नसतं. मऊ लोखंडावर धारेच्या बाजूला पोलादाचा पातळ पदर तापवून, ठोकून जोडलेला असतो. धारेच्या उतारावर ही जोडाची रेघ स्पष्ट दिसते. कोणतंही जुनं पातं विजेच्या चाकावर धरू नका. धार निळी पडली की पात्याचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरला; मग तो निळा भाग पूर्ण घासून काढेपर्यंत धार टिकत नाही. आम्ही गंज रॉकेल आणि बारीक पेपरने हाताने काढतो आणि धार दगडावर लावतो.

तळ सपाट करताना पातं थोडं वर घेऊन पाचर घट्ट बसवलेलीच ठेवतो, कारण पाचरीच्या दाबाने तळाचा आकार किंचित बदलतो. तळ जितका काढावा तितकं तोंड, म्हणजे पातं बाहेर येतं ती तळाची फट, रुंद होत जातं. जॅकला दोन-तीन मिलिमीटर चालतं. सफाईच्या रंध्याला एक मिलिमीटरपेक्षा जास्त झालं तर साग उलट्या रेषेत उचकटतो, तेव्हा तोंडापुढे कठीण लाकडाचा तुकडा खाचेत बसवावा लागतो. हे सगळ्यांत वेळखाऊ काम आहे, म्हणून त्याचा खर्च आधी सांगून तुमचा होकार घेतो.

कोकणातल्या घरातून मुंबईच्या एसीच्या खोलीत गेलेल्या रंध्यांचे गाल, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजूंचं लाकूड, तडकलेले आम्ही नेहमी पाहतो. लाकूड सुकून आकसतं, मधलं पातं आकसत नाही. अशा वेळी पात्याच्या बाजू थोड्या घासून जागा करतो, मग चीर सरसाने जोडतो. घरी ठेवताना पाचर सैल ठेवा. वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या पूजेआधी म्हणा, जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवा. तेलाची चिंधी मात्र चोळामोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा, मगच कचऱ्यात टाका. व्हार्निश लावू नका.

बारीक भोकांतून ताजा भुगा पडत असेल तर रंधा इतर लाकडी वस्तूंपासून वेगळा ठेवा आणि आणताना तसं आधी कळवा. प्लॅस्टिकऐवजी कोरड्या सुती कापडात गुंडाळा. पाचर अडकली असेल तर तशीच राहू द्या. तुटली असेल तर सगळे तुकडे सोबत आणा, नव्या पाचरीचा उतार आम्ही त्यांवरूनच घेतो.