आडवाटेचे जाणकार : ज्ञान येते कुठून?

सतराव्या शतकात डेल्फ्ट या डच शहरात अंतोनी व्हान लेव्हेनहुक नावाचा कापडाचा व्यापारी होता. कापडाचा पोत कसा आहे, धागे किती दाट विणले आहेत हे पारखायला त्या काळचे कापडवाले भिंग वापरत. त्याचा आणि भिंगाचा परिचय बहुधा असाच झाला. पुढे तो स्वतः भिंगे घडवू लागला. इवलेसे भिंग धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये बसवलेली त्याची सूक्ष्मदर्शके इतकी सरस होती की त्यांची बरोबरी करणे त्या काळात कोणालाच जमले नाही. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. विद्वानांची भाषा लॅटिन, आणि त्याला येत होती फक्त डच.

१६७३ मध्ये त्याच शहरातल्या रेनिए द ग्राफ या वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला, म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञांच्या मंडळाला, त्याच्याविषयी कळवले. तिथून पत्रव्यवहार सुरू झाला आणि १७२३ मध्ये लेव्हेनहुक वारला तोवर, म्हणजे पन्नास वर्षे, चालू राहिला. पाण्याच्या थेंबात हजारो जीव वळवळतात हे त्याने १६७६ च्या पत्रात लिहिले, तेव्हा त्यावर सहज विश्वास बसण्यासारखा नव्हता. त्याने गावातल्या प्रतिष्ठितांना भिंगातून दाखवून त्यांची साक्षपत्रे पाठवली. अखेर १६७७ मध्ये सोसायटीतल्या रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये स्वतः तसे जीव पाहिले आणि इतरांनाही दाखवले. १६८० मध्ये या कापडवाल्याला सोसायटीचे सदस्यत्व मिळाले.

अशा माणसांची गोष्ट आपण बहुतेक वेळा ‘वेड’ म्हणून सांगतो. ध्यास होता, झपाटलेपण होते, म्हणून जमले. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. ध्यास अनेकांना असतो. लेव्हेनहुकच्या हाताशी रोजच्या धंद्यातून आलेले भिंग होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘तुम्ही म्हणता ते आम्हाला दिसत नाही, पुन्हा सांगा’ असे म्हणणारे कोणीतरी पत्राच्या दुसऱ्या टोकाला होते. जगावेगळ्या व्यासंगाचा मागचा इतिहास चाळला तर या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा भेटतात. हाताशी सामग्री असते आणि चूक-बरोबर सांगणारे माणूस असते. यातले दुसरे आपण नेहमी विसरतो.

त्याआधीची शेकडो वर्षे ज्ञान मिळवण्याची रूढ वाट म्हणजे उमेदवारी, उस्तादाच्या हाताखाली राबून धंदा शिकणे. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने कारागिरीच्या धंद्यांसाठी सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली, आणि ही सक्ती १८१४ पर्यंत टिकली. उमेदवारीत राबवून घेणे होते, पिळवणूक होती, तरी एक गोष्ट पक्की होती. हात चुकला की उस्ताद तिथल्या तिथे सांगायचा. अडचण एवढीच की उस्ताद मिळायचा तो ठरलेल्या धंद्यापुरता. सुताराच्या पोराला शेवाळाची किंवा दगडातल्या हाडांची ओढ लागली तर त्याने कोणाकडे जायचे?

या प्रश्नाचे मला सर्वांत आवडणारे उत्तर इंग्लंडमधल्या लँकाशायरच्या विणकरांनी शोधले. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मँचेस्टरच्या आसपासच्या खेड्यांत हातमागावर काम करणारे विणकर, मोची, माळी रविवारी गावातल्या दारूच्या गुत्त्यात जमायचे, ते वनस्पती ओळखायला. येताना प्रत्येकाने आसपासच्या माळावरून, ओढ्याकाठून काही ना काही उपटून आणलेले असायचे. सगळे टेबलावर पसरायचे. मंडळाचा प्रमुख एकेक रोप उचलून त्याचे लॅटिन नाव मोठ्याने सांगायचा. बाकीचे ऐकायचे, रोप हातात घ्यायचे, नाव घोकायचे. चुकले तर सगळ्यांसमोर दुरुस्त व्हायचे. वर्गणीतला काही भाग पिण्यावर जायचा, काही ग्रंथखरेदीसाठी राखून ठेवायचे. एकट्याच्या मजुरीत परवडणार नाहीत असे वनस्पतिशास्त्राचे ग्रंथ त्यांनी असे सामाईक विकत घेतले. गुत्ताच का? तर कामकऱ्यांना बसायला मिळेल अशी ऊबदार खोली गावात दुसरी नव्हती, आणि सभ्य लोकांच्या शास्त्रमंडळांची दारे त्यांच्यासाठी उघडी नव्हती.

त्यांना वाट मोकळी करून देणारी आणखी एक गोष्ट होती. स्वीडनच्या कार्ल लिनियसने वनस्पतींची विभागणी चोवीस वर्गांत केली होती, आणि ती मुख्यतः फुलातले पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून. पुढे शास्त्राने ही पद्धत कृत्रिम म्हणून टाकली, ते योग्यच झाले. पण ती मोजता येणारी होती! शाळा न शिकलेल्या माणसालाही फूल हातात घेऊन मोजता येत होते. दिवसभर धागे सांभाळणाऱ्या विणकराला तर मोजण्याची सवयच असणार. जॉन हॉर्सफिल्ड या विणकराने ते चोवीस वर्ग एका कागदावर लिहून मागाला लावून ठेवले होते. हात चालू, नजर कागदावर, असे करत त्याने ते पाठ केले. रिचर्ड बक्स्टन लहान मुलांचे बूट शिवायचा. तो वाचायला शिकला तोच मिसरूड फुटायच्या वयात. पण १८४९ मध्ये त्याने मँचेस्टर परिसरातल्या वनस्पतींचे मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले.

या मंडळींना ‘हौशी’ म्हणताना मला जड जाते. पैसे मिळत नव्हते या अर्थाने ते हौशी होते खरे. पण वनस्पतिशास्त्राचे नामवंत त्यांच्याकडून नमुने मागवत, एखादी दुर्मीळ वनस्पती कुठे उगवते हे त्यांना विचारत. हातमाग गेले, यंत्रमागांची वेळ भोंग्यावर चालू लागली, तशी स्वतःच्या वेळेची मालकी या माणसांच्या हातून सुटत गेली.

स्कॉटलंडमध्ये चार्ल्स मॅकिंटॉश नावाचा टपालवाला होता. लाकूड कापण्याच्या गिरणीतल्या अपघातात त्याच्या डाव्या हाताची बोटे गेली, तेव्हा त्याने टपाल वाटण्याची नोकरी धरली. रोज मैलोन्‌मैल पायी, त्याच रानातून, बाराही महिने. शेवाळे आणि अळंब्या यांचा तो त्या भागातला अधिकारी माणूस झाला. एकच वाट प्रत्येक ऋतूत पाहायला मिळणे ही संधी प्रयोगशाळेतल्या प्राध्यापकाला कुठून मिळणार? पुढे मुलांच्या सचित्र गोष्टींसाठी जगभर नाव झालेल्या बिअ‍ॅट्रिक्स पॉटर तरुणपणी अळंब्यांची चित्रे काढत. त्यांना नमुने पाठवणारा, चित्रात कुठला भाग कसा दाखवायला हवा हे सांगणारा माणूस हा टपालवालाच. अळंब्यांचे बीजाणू कसे रुजतात यावरचा पॉटर यांचा निबंध १८९७ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गशास्त्राच्या मंडळात मांडला गेला. मात्र तो मांडायला त्या स्वतः जाऊ शकल्या नाहीत. स्त्रियांना तिथे प्रवेश नव्हता.

मेरी अ‍ॅनिंगची कथा याच जातीची, पण अधिक कठोर. १७९९ मध्ये लाइम रीजिस या इंग्लंडच्या समुद्रकाठच्या गावात तिचा जन्म झाला. वडील सुतारकाम करायचे आणि फावल्या वेळात कड्यांमधून निघणारे जीवाश्म पर्यटकांना विकायचे. १८१० मध्ये ते कर्ज मागे ठेवून वारले. मग जीवाश्म शोधणे हा घराचा पोटापाण्याचा उद्योग झाला. हिवाळ्यातल्या वादळांनी कडे ढासळले की नवे थर उघडे पडत, आणि भरतीच्या लाटा ते धुऊन नेण्याआधी तिथे पोचावे लागे. तिच्या भावाला इक्थिओसॉर या नामशेष सागरी सरीसृपाची कवटी सापडली, उरलेला सांगाडा १८१२ मध्ये तिने शोधला. तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. १८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉर या दुसऱ्या सागरी सरीसृपाचा पूर्ण सांगाडा मिळाला. हाडे कशी जुळतात हे समजावे म्हणून ती ताजे मासे कापून पाही, उसने आणलेले शास्त्रीय निबंध चित्रांसकट हाताने उतरवून घेई. विकत घेणारे विद्वान मात्र निबंधात तिचे नाव क्वचितच घालत. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने स्त्रियांना सदस्य करून घेतले ते १९१९ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर बहात्तर वर्षांनी. तिचे ज्ञान ज्ञान म्हणून मोजले गेले नाही याचे कारण ते अपुरे होते हे नव्हे. ते मोजण्याचा हक्क ज्यांच्याकडे होता त्यांनी दार लावून घेतले होते.

विसाव्या शतकात गरजेतून आणि बाजारातून एक फारच चमत्कारिक कसब जन्माला आले. अंड्यातून आदल्या दिवशी बाहेर पडलेले कोंबडीचे पिल्लू नर की मादी हे ओळखायचे. वरून दोन्ही सारखीच दिसतात. अंड्यांचा धंदा करणाऱ्याला हव्यात माद्या, आणि पिसांवरून, तुऱ्यावरून फरक कळेपर्यंत काही आठवडे नरांनाही दाणापाणी घालावे लागे. १९२० च्या दशकात जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो या संशोधकांनी पिल्लाच्या मलद्वाराच्या आत असलेल्या अतिसूक्ष्म उंचवट्यावरून लिंग ओळखता येते हे दाखवले. १९२७ मध्ये कॅनडातल्या ओटावा इथे भरलेल्या जागतिक कुक्कुटपालन परिषदेत हे बाहेरच्या जगाला कळले. जपानमध्ये हे शिकवणाऱ्या शाळा निघाल्या, आणि तिथले जाणकार परदेशांतल्या उबवणी केंद्रांवर कामाला जाऊ लागले. तयार माणूस तासाला हजारच्या आसपास पिल्ले वेगळी करतो, चुका शंभरात एक-दोन.

हे शिकायचे कसे? पिल्लू उचला, पाहा, ठरवा. शेजारी उभा असलेला गुरू बरोबर की चूक एवढेच सांगणार. पुन्हा दुसरे पिल्लू. हजारो पिल्ले हातांखालून गेल्यावर नजर बसते, आणि मग नेमके काय पाहिले हे त्या माणसालाही धड सांगता येत नाही. या कसबाभोवती एक गूढ तयार झाले ते त्यामुळे. १९८७ मध्ये बीडरमन आणि शिफरार या मानसशास्त्रज्ञांनी एका मुरलेल्या जाणकाराकडून नेमकी खूण काढून घेतली, ती एका पानावर मांडली आणि कोऱ्या माणसांना दाखवली. छायाचित्रे ओळखण्यात ते नवखे एकदम जाणकारांच्या जवळ पोचले. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. मुरलेल्या माणसाचे ज्ञान शब्दांत येऊच शकत नाही असे नाही, ते शब्दांत आणण्याचे कष्ट कोणी घेतलेले नसतात. अर्थात छायाचित्र वेगळे आणि तळहातावर तडफडणारे पिल्लू वेगळे. ते धरायचे कसे, दाबायचे किती, हे पानावरून येणार नाही.

तज्ज्ञ म्हणजे उपजत दांडगी बुद्धी, या समजाला प्रयोगांनी धक्का दिला तोही याच शतकात. डच मानसशास्त्रज्ञ अद्रियान द ग्रूट यांनी बुद्धिबळपटूंचा अभ्यास १९४० च्या दशकात केला. १९७३ मध्ये चेस आणि सायमन या संशोधकांनी दाखवले की खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली तर उस्ताद ती जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा मांडतो; पण मोहरी कशीही विखरून ठेवली तर त्याची स्मरणशक्ती जवळपास नवशिक्यासारखीच होते. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग तर अधिकच बोलका आहे. साधारण स्मरणशक्तीचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी, ऐकलेले आकडे लक्षात ठेवण्याचा सराव वीस महिने करत राहिला. सुरुवातीला सात आकडे, शेवटी जवळजवळ ऐंशी. तो लांब पल्ल्याचा धावपटू होता. आकड्यांचे गट तो शर्यतींच्या वेळा म्हणून लक्षात ठेवायचा. आकड्यांऐवजी अक्षरे दिली, आणि गाडी पुन्हा सहावर आली!

लंडनच्या टॅक्सीचालकांची ‘नॉलेज’ ही परीक्षा १८६५ पासून चालत आली आहे. शहराच्या मध्यावरच्या चेअरिंग क्रॉस चौकापासून सहा मैलांच्या आतले सुमारे पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ हवेत, आणि परीक्षक समोर बसवून वाट तोंडी विचारतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७९ उमेदवारांचा मागोवा घेतला; ३९ उत्तीर्ण झाले, आणि वाटा लक्षात ठेवायला लागणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या अवयवाच्या मागच्या भागाची वाढ फक्त त्यांच्यातच दिसली. म्हणजे तो भाग आधीच मोठा होता म्हणून ते चालक झाले असे नव्हे. पण याची किंमतही होती. दृश्य स्मरणशक्तीच्या दुसऱ्या एका चाचणीत हेच यशस्वी चालक इतरांपेक्षा कमी पडले.

चूक-बरोबर सांगणारा माणूस कुठे भेटेल याचा मात्र नेम नसतो. १९७५ मध्ये तो एका अमेरिकी मासिकाच्या सदरात भेटला. ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये मार्टिन गार्डनर गणिती कोड्यांचे सदर लिहीत. त्या वर्षी त्यांनी द. रा. कापरेकरांविषयी लिहिले. कापरेकर शाळामास्तर होते, गणितातली पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती, आणि संख्यांचे गुणधर्म शोधण्यात त्यांनी हयात घालवली होती. ६१७४ या संख्येचे वैशिष्ट्य त्यांनी १९४९ मध्येच मांडले होते. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान वजा करा, उत्तरावर तेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. एवढे साधे, आणि जगाच्या नजरेत यायला पाव शतक लागले.

त्याच वर्षी त्याच सदरात पंचकोनी फरश्यांचा प्रश्न आला. एकाच आकाराच्या बहिर्वक्र, म्हणजे एकही कोपरा आत न वळलेल्या, पंचकोनांनी, फट न ठेवता, जमीन किती प्रकारे मढवता येते? त्या वेळी यादी पूर्ण झाली असे मानले जात होते, पण एका वाचकाने नवा प्रकार पाठवून ती मोडली. हे वाचले मार्जरी राइस या कॅलिफोर्नियातल्या गृहिणीने. मासिक मुलासाठी लावलेले होते. गणित त्या फक्त शाळेत शिकल्या होत्या, त्यामुळे कोन आणि बाजू नोंदवण्याची खुणांची पद्धतही त्यांनी स्वतःच बनवली. घरकामाच्या मधल्या वेळात स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आकृत्या काढायच्या, कोणी आले की झाकून ठेवायच्या. त्यांनी आपले काम गार्डनर यांना पाठवले. गार्डनर यांनी ते डॉरिस शॅटश्नायडर या गणितज्ञ बाईंकडे दिले, आणि त्यांनी ती अनोळखी खुणांची भाषा चिकाटीने उलगडून काम तपासले. ते बरोबर होते. २०१७ मध्ये मिशाएल राव या फ्रेंच गणितज्ञाने असे प्रकार पंधराच आहेत याची संगणकाच्या मदतीने केलेली सिद्धता जाहीर केली. त्या पंधरांपैकी चार राइस यांचे आहेत.