न बदलणाऱ्या ब्राउझरची धावपळ

२२ मार्च २०११ रोजी फायरफॉक्स या ब्राउझरची आवृत्ती ४ बाहेर पडली. मोठ्या कंपन्यांच्या संगणक विभागांनी नेहमीप्रमाणे तपासणी सुरू केली: रजेचा अर्ज भरता येतो का, पगाराचं पान उघडतं का, छपाई नीट होते का. हजारो संगणकांवर काही बसवायचं तर यात महिने जातात. ते उरकायच्या आत, २१ जूनला, फायरफॉक्स ५ हजर. चारला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत, पाच हीच चारची दुरुस्ती, असं तो बनवणाऱ्या मोझिलाने सांगून टाकलं. पुढच्या आवृत्त्याही दर सहा आठवड्यांनी येणार होत्या. क्रोमने हा वेग आधीच पकडला होता. संगणक विभागांनी कपाळाला हात लावला.

तोडगा निघाला ३१ जानेवारी २०१२ ला, आवृत्ती १० सोबत. ‘एक्स्टेंडेड सपोर्ट रिलीज’, म्हणजे ईएसआर. साधारण वर्षातून एकदा एक आवृत्ती बाजूला काढायची, तिच्यात नवं काही घालायचं नाही, फक्त सुरक्षेच्या आणि महत्त्वाच्या दुरुस्त्या करत राहायचं. पुढची ईएसआर आली तरी जुनीला काही आठवडे मुदत, म्हणजे तपासायला सवड. डेबियन लिनक्स या संगणकप्रणालीत हीच मिळते आणि ओळख लपवून इंटरनेट वापरू देणारा टोर ब्राउझरही हिच्यावरच उभा आहे.

ऐकायला हे निवांत काम वाटतं. पण दुरुस्ती आधी लिहिली जाते ती आजच्या कोडसाठी. जुन्या आवृत्तीत तोच भाग वेगळ्या घडणीचा असतो, कधी कधी बदलायच्या ओळीच तिथे नसतात. ‘पॅच’ म्हणजे अक्षरशः ठिगळ, आणि ते जुन्या मापाने पुन्हा बेतावं लागतं. त्यात घाई. फायरफॉक्सचा कोड खुला असल्याने नव्या आवृत्तीतली दुरुस्ती वाचून जुनीतलं भोक कुठे आहे हे चोरालाही ताडता येतं. म्हणून ईएसआरच्या दुरुस्त्या मुख्य आवृत्तीच्या जोडीनेच बाहेर पडतात.

याचा मोबदला वेगात चुकवावा लागतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये आवृत्ती ५७, ‘क्वांटम’, आली. पानावरच्या अक्षरांचा रंग, आकार ठरवणारा भाग रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहिला होता. तो हे काम प्रोसेसरच्या सगळ्या कोअरना, म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या भागांना, वाटून देई. सहा महिन्यांपूर्वीच्या फायरफॉक्सपेक्षा हा दुप्पट वेगवान, असा मोझिलाचा दावा होता. ईएसआर ५२ वापरणाऱ्यांना तो वेग मिळाला थेट मे २०१८ मध्ये, आवृत्ती ६० बरोबर. मात्र त्यातल्या अनेकांना घाई नव्हतीच. जावासारखी जुनी प्लगइन (ब्राउझरला जोडायचे बाहेरचे प्रोग्राम) ५२ मध्ये मुख्य फायरफॉक्समधून गेली, पण ईएसआर ५२ मध्ये चालत राहिली. जुन्या पद्धतीची ॲड-ऑन (ब्राउझरला नव्या सोयी देणारी जोडणी) ५७ ने बंद केली, तीही इथे चालत होती. ज्या टेबलावर जावा ऍपलेटशिवाय, म्हणजे पानात चालणाऱ्या जावाच्या छोट्या प्रोग्रामशिवाय, डिजिटल सही उमटत नव्हती, त्या टेबलावर दुप्पट वेगाचं काय करायचं?

इथवर हिशेब सरळ दिसतो, एका हाताने स्थैर्य घ्या, दुसऱ्या हाताने वेग सोडा. जानेवारी २०१८ ने त्यात गंमत केली. स्पेक्टर नावाचा दोष उघड झाला, तोही ब्राउझरचा नसून प्रोसेसरचा. एखादी माहिती प्रोसेसरच्या जवळच्या कॅश या छोट्या साठ्यात असेल तर काही नॅनोसेकंदांत मिळते, लांबच्या मेमरीत असेल तर शंभरएक लागतात. हा फरक मोजता आला की एखाद्या पानातलं जावास्क्रिप्ट (पानात आपोआप चालणारा कोड), वाचायला बंदी असलेली माहितीही अंदाजाने ओळखू शकतं. त्यासाठी बारीक घड्याळ हवं.

असं घड्याळ वेगाच्या नादात ब्राउझरनीच पुरवलं होतं. ‘शेअर्डअरेबफर’ या सोयीने दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारी दोन कामं) एकच मेमरी वापरू शकत, माहितीच्या प्रती काढायचा वेळ वाचे. पण एका थ्रेडने त्या मेमरीत नुसते आकडे मोजत राहायचं आणि दुसऱ्याने डोकावून पाहायचं, की झालं घड्याळ! फायरफॉक्स ५७ मध्ये ही सोय ४ जानेवारीला तातडीने बंद करावी लागली आणि जावास्क्रिप्टच्या घड्याळाचे काटे २० मायक्रोसेकंदांइतके जाडे करावे लागले. ईएसआर ५२ लाही घड्याळाची दुरुस्ती त्याच महिन्यात मिळाली. पण शेअर्डअरेबफर तिथे मुळात बंदच होतं, कारण ती सोय मुख्य फायरफॉक्समध्ये चालू झाली तीच ५५ पासून. मागे राहिलेल्याला तो खड्डा लागलाच नाही. याला शहाणपण म्हणणं अति होईल, योगायोगच तो, पण असे योगायोग ईएसआरच्या वाट्याला थोडे अधिक येतात.

पुढे हीच सोय कडक अटी घालून परत आली, जुलै २०२० मध्ये, आवृत्ती ७९ पासून. त्या वर्षीची ईएसआर होती ७८. एका आकड्याने हुकली, आणि ईएसआरवाल्यांनी ऑगस्ट २०२१ मधल्या ९१ ची वाट पाहिली.

गोठवलेल्या कोडलाही कॅलेंडर सोडत नाही. ४ मे २०१९ रोजी ॲड-ऑनवरच्या डिजिटल सह्या तपासणाऱ्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभर फायरफॉक्सची ॲड-ऑन एकाएकी बंद पडू लागली. ईएसआरही सुटली नाही, टोर ब्राउझरमधलं नोस्क्रिप्ट हे पानातला कोड अडवणारं ॲड-ऑनही नाही. कोडची एक ओळ बदलली नव्हती. मुख्य फायरफॉक्ससाठी ६६.०.४ आली, ईएसआरसाठी ६०.६.२, आणि ठिगळं पुन्हा दोन मापांची शिवावी लागली.