उरलेलं अन्न आणि कायदा

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या हिशेबानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यात दुकानांचा वाटा १२ टक्के, उपाहारगृहं आणि खानावळींचा २८ टक्के, आणि घरांचा तब्बल ६० टक्के. तरीही या विषयावरचे कायदे बहुधा दुकानाच्या दारातच सुरू होतात. फ्रान्सने २०१६मध्ये ४०० चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटना खाण्याजोगा माल मुद्दाम नासवायला बंदी केली आणि दानासाठी सेवाभावी संस्थांशी करार करणं भाग पाडलं. (टाकलेल्या मालावर काही दुकानं चक्क ब्लीच ओतत असत.) त्याच वर्षी इटलीने दंडापेक्षा दात्यांची कागदपत्रं कमी करण्यावर आणि करसवलतीवर भर दिला. दोन्ही कायदे चांगलेच, पण घरातल्या ६० टक्क्यांना त्यांचा फारसा स्पर्श होत नाही.

दुसऱ्या प्रकारचे कायदे अन्न कचराभूमीत जाऊच नये म्हणून केलेले असतात. त्यामागचं रसायनशास्त्र समजून घेण्यासारखं आहे. ढिगाखाली दबलेल्या अन्नाला हवा मिळत नाही. तिथे ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू पिष्ट, प्रथिनं आणि मेद फोडून आम्लं व हायड्रोजन बनवतात, आणि त्यांवर जगणारे आर्किया नावाचे सूक्ष्मजीव मिथेन सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट उष्णता धरून ठेवतो. कागद-लाकूड सावकाश कुजतं, अन्न मात्र झपाट्याने. त्यामुळे वायू गोळा करणाऱ्या नळ्या बसेपर्यंत बराचसा मिथेन निसटून गेलेला असतो. शहरी कचराभूमीतून असा निसटणाऱ्या मिथेनपैकी ५८ टक्के अन्नातून येतो, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे.

मग बंदी घातली की काम झालं? ‘सायन्स’ नियतकालिकात २०२४ साली आलेल्या अभ्यासात, अशी बंदी सर्वांत आधी आणणाऱ्या पाच अमेरिकी राज्यांपैकी फक्त मॅसॅच्युसेट्समध्ये कचरा खरोखर घटलेला दिसला, सरासरी सुमारे ७ टक्के. तिथला नियम सोपा होता, खतनिर्मितीची केंद्रं जवळपास होती आणि तपासणी व दंड खरंच होत होता. इतरत्र कायदा बव्हंशी कागदावरच राहिला.

घरापर्यंत पोचला तो दक्षिण कोरिया. २००५पासून तिथे अन्नकचरा पुरायला बंदी आहे, आणि २०१३पासून तो जितका टाकाल तितके पैसे मोजावे लागतात. अनेक इमारतींत कार्ड दाखवल्यावर उघडणारा डबा कचरा तोलून त्या घराच्या खात्यावर आकार लावतो. अन्नकचऱ्यात बहुतांश पाणीच असल्याने लोक तो निथळूनच टाकू लागले. गोळा झालेला कचरा पशुखाद्य, खत आणि बायोगॅससाठी वापरला जातो. मात्र अन्नाचं खत झालं म्हणजे नासाडी टळली असं नव्हे; ते पिकवायला लागलेलं पाणी, खत, इंधन परत येत नाही.

माझ्या मते सर्वांत स्वस्त उपाय वेष्टनावरच्या तारखेत आहे. बहुतेक मालावर छापलेली तारीख चवीची-ताजेपणाची हमी असते, विषबाधेचा इशारा नव्हे. तरी ती उलटली की धडधाकट अन्न डब्यात जातं. कॅलिफोर्नियाने २०२४मध्ये कायदा करून दर्जाची तारीख आणि सुरक्षिततेची तारीख यांसाठी दोनच ठरावीक वाक्यं ठेवली. ‘अमुक तारखेपर्यंत विका’ ही मुळात दुकानदारासाठी असलेली सूचना ग्राहकाला दिसेल अशी छापायला १ जुलै २०२६पासून मनाई केली.