नाणं हिशेब ठेवत नाही

6 डिसेंबर 2025 ला विशाखापट्टणमला के. एल. राहुलनं नाणं डाव्या हातानं उडवलं आणि भारतानं टॉस जिंकला. एरवी याची कुणी दखलही घेतली नसती, पण त्याआधीच्या सलग 20 एकदिवसीय सामन्यांत भारत टॉस हरला होता. सुरुवात झाली 19 नोव्हेंबर 2023 च्या अहमदाबादच्या विश्वचषक फायनलपासून. मग रोहित, गिल, राहुल असे कर्णधार बदलले, देश बदलले, टॉस मात्र समोरच्याचाच. त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन पक्ष पडले. एक डाव्या हाताचा. दुसरा जरा शिकलेला: "हात-बित काही नाही हो, सरासरीचा नियम आहे. वीस हरल्यावर एक मिळणारच होता."

पहिल्या पक्षाशी मी वाद घालत नाही. मायदेशात नाणं आपला कर्णधार उडवतो, पण छापा की काटा हे पाहुणा कर्णधार सांगतो, एवढं आठवलं तरी डाव्या हाताचं माहात्म्य बरंचसं उतरतं. वाद दुसऱ्या पक्षाशी आहे, कारण तो चूक करतो ती गणिताचं नाव घेऊन.

आधी बातम्यांमधला आकडा घेऊ. सलग 20 टॉस हरण्याची शक्यता 2 च्या 20 व्या घातात एक, म्हणजे 10,48,576 त एक. आकडा बरोबर आहे, तो चुकीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून छापला गेला एवढंच. "अहमदाबादच्या फायनलपासून पुढचे 20 टॉस भारत हरेल" अशी पैज कुणी आधी लावली असती, तर तो लागू पडला असता. आपण मालिका घडल्यावर तिच्याकडे बोट दाखवतोय. आजवर सुमारे 4,900 एकदिवसीय सामने झाले, प्रत्येकात दोन संघ, म्हणजे अशी रड सुरू व्हायला 9,800 जागा होत्या. रड सुरू व्हायची तर एक जिंकलेला टॉस आणि त्यानंतर 20 हरलेले, अशी 21 निकालांची ओळ लागते. तिची शक्यता 20,97,152 त एक. भागाकार केला की कुठल्या तरी संघाच्या वाट्याला कधी तरी अशी मालिका येण्याची शक्यता निघते साधारण 214 त एक. सलग 20 जिंकले असते तरी बातमी झालीच असती, म्हणजे 107 त एक म्हणा. दुर्मीळ खरंच, पण दहा लाखांत एक वगैरे नव्हे.

आता तो सरासरीचा नियम. 18 ऑगस्ट 1913 ला मॉन्टे कार्लोच्या कसिनोत रुलेटचा चेंडू सलग 26 वेळा काळ्यावर पडला. "आता तरी लाल येणारच" म्हणत लोकांनी लालवर पैसे ओतले आणि ते बुडाले. आपल्याकडे आकडा लावणारे जुन्या आकड्यांचे चार्ट डोळ्यांत तेल घालून बघतात, तेही याच आशेवर. चेंडूला काय किंवा नाण्याला काय, मागचं काही आठवत नाही, हे बहुतेकांना पटवून देता येतं. पण मग एखादा हुशार विद्यार्थी विचारतो, "आठवत नाही, तर शेवटी निम्मे-निम्मे कसे होतात? कुठे तरी भरपाई व्हायलाच हवी ना?"

हा प्रश्न मला फार आवडतो. याचं उत्तर असं की भरपाई होतच नाही.

समजा भारत आता आणखी 1,000 टॉस खेळला आणि त्यातले बरोबर 500 जिंकला. ते 20 कुठेही वळते झाले नाहीत. एकूण 1,020 पैकी 500, म्हणजे 49.02 टक्के. हजाराऐवजी 10,000 खेळून 5,000 जिंकला असता, तर 10,020 पैकी 5,000, म्हणजे 49.9 टक्के. तूट 20 चीच राहिली, टक्केवारी मात्र पन्नासला टेकली. आमटीत मीठ जास्त पडलं तर ते काढता येत नाही, पाणी वाढवतात, तसंच हे. मीठ तेवढंच राहतं, फक्त जिभेला लागत नाही.

खरं तर मीठसुद्धा तेवढंच राहत नाही. ते वाढतं! हे एकानं हातानं करून दाखवलंय. जॉन केरिक नावाचा दक्षिण आफ्रिकेचा गणिती 1940 च्या एप्रिलमध्ये कोपनहेगनला गेला होता आणि नेमकं तेव्हाच जर्मनीनं डेन्मार्क घेतलं. त्याला नजरकैदेच्या छावणीत टाकलं. हाती वेळच वेळ होता, तेव्हा त्यानं सोबतच्या एका कैद्याला घेऊन नाणं 10,000 वेळा उडवलं आणि प्रत्येक निकाल लिहून ठेवला. पहिल्या 100 त छापे 44 आणि काटे 56, फरक 12. हजाराला 502 छापे, फरक 4. चार हजाराला 2,029, फरक 58. दहा हजाराला 5,067, म्हणजे फरक 134. छाप्यांची टक्केवारी 44 वरून 50.67 वर आली, आणि छापा-काट्यातला फरक मात्र 12 चा 134 झाला.

हा फरक किती वाढावा याचा नियम आहे, आणि तो आठवीच्या बीजगणितातून निघतो. वही घ्या. छापे वजा काटे या फरकाला फ म्हणू. पुढच्या वेळी नाणं उडवल्यावर फ चा एक तर फ + 1 होईल किंवा फ − 1. दोघांचे वर्ग करा:

(फ + 1)² = फ² + 2फ + 1
(फ − 1)² = फ² − 2फ + 1

दोन्ही निकाल सारखेच शक्य, म्हणून सरळ सरासरी काढा. 2फ आणि −2फ एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतं फ² + 1. म्हणजे फरक कितीही असो, दर खेपेला त्याच्या वर्गात सरासरी 1 ची भर पडते. शंभर वेळा उडवलं तर वर्ग सरासरी 100, म्हणून फरक 10 च्या आसपास. दहा हजारांना फरक 100 च्या आसपास. (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ म्हणजे फरकाची सरासरी नव्हे, हे ठाऊक आहे. जाणकारांनी इथे मला पकडू नये.) केरिकच्या वहीशी ताडून बघा: 100 ला नियम म्हणतो 10, आले 12. चार हजाराला नियम म्हणतो 63, आले 58. दहा हजाराला 100, आले 134. हजाराला नियम 32 म्हणत होता आणि आले 4. तेही चालतं, 'आसपास' हा शब्द तेवढा ऐसपैस आहे.

त्या 2फ कडे पुन्हा एकदा बघा, सगळी गंमत तिथे आहे. नाण्याला आठवण असती, छापे जास्त झाले म्हणून ते काट्याकडे जरा जरी कललं असतं, तर −2फ चं वजन वाढलं असतं, दोन पदं एकमेकांना पुरी खाऊ शकली नसती आणि फरक हळूहळू आक्रसला असता. केरिकचा फरक तसा आक्रसला नाही. फरक वर्गमुळानं वाढतो, नाणेफेकी सरळ वाढतात. दहा हजारांत 100 म्हणजे 1 टक्का, दहा लाखांत 1,000 म्हणजे 0.1 टक्का. सरासरीचा नियम म्हणतात तो एवढाच.

(नाणं तरी अगदी निःपक्ष असतं का? काही संशोधकांनी मिळून 3,50,757 वेळा नाणी उडवली. उडवताना जी बाजू वर होती तीच 50.8 टक्के वेळा वर आली. त्याबद्दल त्यांना 2024 चं इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाला मिळणारं पारितोषिक, मिळालं. कर्णधारांनी फार हुरळून जाऊ नये.)

टॉसचं सोडा, हाच गैरसमज आपल्या घरांत येतो तेव्हा हसू येत नाही. "तिन्ही मुलीच झाल्या, आता चौथा मुलगाच." लाप्लास या फ्रेंच गणितीनं 1814 मध्ये याच्याच जातीची खुळी समजूत मुलगा हवा असलेल्या बापांबद्दल नोंदवली आहे: आपल्याला मूल व्हायच्या महिन्यात मुलगे जास्त जन्मले की ते धास्तावायचे, आता मुलींची पाळी म्हणून. आणि खात्रीनं मुलगा देणारे बुवा? त्यांचं गणित पक्कं असतं. काही न करता जवळजवळ निम्म्या गिऱ्हाइकांना मुलगा होतोच. ते पेढे घेऊन परत येतात, बाकीचे तोंड दाखवायला येत नाहीत. बुवाच्या दारात उभं राहून मोजणी केली तर यश शंभर टक्के.

वर्गमुळाच्या नियमावर सरकारी कामंही चालतात. साताऱ्याच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे 1940 च्या दशकात दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत होते. शेतं यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, निवडून तिथलं पीक प्रत्यक्ष कापायचं, तोलायचं आणि त्यावरून सगळ्या भागाचा उतारा, म्हणजे हेक्टरी उत्पादन, काढायचा, ही पद्धत देशात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आज पीक विम्याच्या भरपाईत ज्यांचं नाव निघतं ते पीक कापणी प्रयोग हेच. एका महसूल मंडळात एका पिकाचे साधारण दहा प्रयोग धरा. दहांच्या चुकांची बेरीज वर्गमुळानं वाढते, भागतो मात्र दहानं, म्हणून सरासरीतली चूक एकाच्या चुकीला दहाच्या वर्गमुळानं भागल्याएवढी. दहाचं वर्गमूळ तीनच्या थोडं वर. म्हणजे एकेका वावराचा उतारा सरासरीपासून हेक्टरी 6 क्विंटलनं इकडेतिकडे होत असेल, तर दहांच्या सरासरीत 2 क्विंटलची चूक उरतेच. ती निम्म्यावर आणायची तर वीस प्रयोग पुरत नाहीत, चाळीस लागतात, तेही सोयाबीन काढणीच्या त्याच धांदलीत.

कृषी सहायक आणि तलाठी दोरी, खुंट्या, वजनकाटा घेऊन येतात तेव्हा बांधावरून कुणी तरी म्हणतंच, "साहेब, हे चांगलं आलेलं वावर कशाला घेताय? पलीकडचं घ्या की, सगळं पाण्यात गेलंय." माणसाची तळमळ खोटी नसते. पण यादीत निघालेला गट नंबर सोडून डोळ्यांना पटलेलं वावर घेतलं, की अधिक आणि उणे दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत, वहीतली ती 2फ आणि −2फ एकमेकांना खात नाहीत, आणि मग चाळीस काय चारशे वावरं तोलली तरी चूक कमी होत नाही. म्हणून निघालेल्या नंबरातच खुंट्या ठोकतात.