झिम्बाब्वेतील वादग्रस्त निवडणुका

झिम्बाब्वे १८ एप्रिल १९८० रोजी स्वतंत्र झाला. तेव्हापासून तिथली सत्तासूत्रे झानू-पीएफ या पक्षाच्या हाती आहेत. निवडणुका मात्र होत राहिल्या. मतदाराला मतपेटीपर्यंत येऊ द्यायचे, पण आपले मत गुप्त आहे याची खात्री त्याला वाटू द्यायची नाही, ही तिथल्या राज्यकर्त्यांची रीत. तिथली लोकशाही खरी खचली ती या धाकामुळे.

झानू-पीएफचे नेते रॉबर्ट मुगाबे स्वातंत्र्यलढ्याचे नायक म्हणून निवडून आले आणि ती निवड खरी होती. पण १९८३ पासून देशाच्या पश्चिमेकडील माताबेलेलँडमध्ये लष्कराच्या पाचव्या ब्रिगेडने प्रतिस्पर्धी नेते जोशुआ एन्कोमो यांच्या समर्थकांवर अत्याचार सुरू केले. त्यांत सुमारे वीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज आहे. या मोहिमेला गुकुराहुंडी म्हणतात. तिथल्या शोना भाषेत याचा अर्थ फोलपट धुऊन नेणारा पहिला पाऊस. माणसांना फोलपट ठरवणारे हे नाव आजही तिथली जखम भरू देत नाही. १९८७ च्या करारानंतर एन्कोमोंचा पक्ष झानू-पीएफमध्ये विलीन झाला आणि प्रबळ विरोधक उरला नाही.

१९९९ मध्ये कामगार चळवळीतून एमडीसी (मूव्हमेंट फॉर डेमोक्रॅटिक चेंज) हा विरोधी पक्ष उभा राहिला. त्याचे नेते होते मॉर्गन त्स्वांगिराई. पुढच्याच वर्षी सार्वमतात सरकारचा राज्यघटनेचा मसुदा जनतेने फेटाळला. सत्ता जाऊ शकते हे झानू-पीएफला पहिल्यांदा कळले. गोऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर कब्जा, सभा आणि वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारे कायदे हे सगळे त्यानंतरचे. २००२ मध्ये तर, स्वातंत्र्यलढ्यात नसलेल्या राष्ट्राध्यक्षाला आम्ही मानणार नाही, असे सेनाप्रमुखांनी मतदानाआधीच बजावले.

२००८ साली हा सगळा प्रकार उघड्यावर आला. २९ मार्चच्या मतदानानंतर प्रत्येक केंद्राच्या बाहेर निकालाचा तक्ता चिकटवणे बंधनकारक होते. विरोधी कार्यकर्त्यांनी त्या तक्त्यांचे फोटो काढून स्वतः बेरीज मांडली. अधिकृत निकाल पाच आठवडे अडला. २ मे रोजी तो जाहीर झाला तेव्हा त्स्वांगिराईंना ४७.९ टक्के, मुगाबेंना ४३.२ टक्के मते होती. कोणालाच निम्म्याहून जास्त मते नसल्याने २७ जूनला दुसरी फेरी ठरली. मग खेड्यापाड्यांत ‘मकावोतेरापापी’, म्हणजे ‘मत कुठे टाकलंत?’ या नावाची मोहीम सुरू झाली. स्वातंत्र्ययुद्धात गावकऱ्यांना जागवण्यासाठी रात्र-रात्र भरणाऱ्या ‘पुंगवे’ सभा आता त्याच गावकऱ्यांना धमकावण्यासाठी भरू लागल्या. शंभराहून अधिक माणसे मारली गेली, हजारोंना बेदम मारहाण झाली. त्स्वांगिराईंनी माघार घेतली. तरी मतदान झालेच, आणि बोटाला शाई दिसली नाही तर मार बसेल या धास्तीने लोक रांगेत उभे राहिले. मुगाबेंना ८५ टक्के मते मिळाली! शेजारी देशांच्या मध्यस्थीने २००९ मध्ये संयुक्त सरकार आले, पण राष्ट्राध्यक्षपद आणि लष्कर मुगाबेंकडेच राहिले.

पुढे मारहाण कमी झाली. धाक गेला नाही. २०१३ मध्ये दोन लाखांहून अधिक मतदारांनी ‘मदतनीस’ घेऊन मतदान केले. साक्षरता चांगली असलेल्या देशात हा आकडा खटकतो. लिहिता-वाचता येणाऱ्यांनाही निरक्षर असल्याचे सांगायला लावले, असा विरोधकांचा आरोप होता. गावचा मुखिया, धान्याची मदत आणि पक्ष यांचे धागे तिथे एकमेकांत गुंतलेले असल्याने तो सहज झटकून टाकता येत नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये लष्कराने मुगाबेंना पायउतार व्हायला लावले आणि एमर्सन म्नांगाग्वा राष्ट्राध्यक्षपदी आले. माणूस बदलला, पक्ष तोच. ३० जुलै २०१८ च्या मतदानानंतर निकालाची वाट पाहणाऱ्या राजधानी हरारेच्या रस्त्यांवर सैनिकांनी गोळीबार केला, सहा जण ठार झाले. २०२३ मध्ये विरोधकांचा जोर असलेल्या हरारेत कित्येक केंद्रांवर मतपत्रिकाच तासन् तास पोहोचल्या नाहीत. या निवडणुकीवर आफ्रिकेच्या दक्षिणेकडील देशांच्या विकास समुदायाच्या (एसएडीसी) निरीक्षकांनीही ठपका ठेवला. सहसा सांभाळून बोलणाऱ्या शेजाऱ्यांनी असे म्हणणे ही मोठी गोष्ट होती. पुढे, ते आता पक्षात नाहीत अशी पत्रे पक्षाच्या नावाने पाठवून विरोधी खासदारांना पदावरून काढण्यात आले, आणि जानेवारी २०२४ मध्ये विरोधी नेते नेल्सन चमिसा यांनी स्वतःच उभा केलेला पक्ष सोडला. त्याच वर्षी झानू-पीएफच्या अधिवेशनात म्नांगाग्वांची मुदत २०२८ वरून २०३० पर्यंत वाढवण्याचा ठराव झाला.